शेजारच्या खोलीतलं मूल

१

केकवालीच्या फाइलमधलं एक पान गायब होतं. चाळीस नंबरचं होतं, बेचाळीस नंबरचं होतं, आणि मधल्या एक्केचाळीसच्या जागी फाइलीच्या तारेत अडकलेला कागदाचा बारीकसा तुकडा होता. डॉक्टरांनी तो चिमटीत धरून बाईंना दाखवला.

"हे आज सकाळी सापडलं," ते म्हणाले. "म्हणजे, सापडलं नाही."

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. डॉक्टर व्यसनमुक्ती केंद्राचे प्रमुख होते आणि सोमवारी सकाळी साडेनऊला त्यांचा रुमाल ओला झाला होता. बाई स्वतः निवृत्त होत्या. तीस वर्षं त्यांनी समुपदेशकांना एकच विषय शिकवला होता: दुसऱ्याचं दुःख ऐकण्याचं काम करताना काय करायचं आणि मेलं तरी काय करायचं नाही. आता त्या महिन्यातून एकदा, पहिल्या गुरुवारी, या केंद्रात केसचर्चेसाठी येत. आज गुरुवार नव्हता, तरी बोलावणं आलं होतं. तेव्हाच त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती.

"आणि हे शनिवारी आलं." डॉक्टरांनी दुसरा कागद पुढे सरकवला.

न्यायालयाच्या बालकल्याण अधिकाऱ्याने पाठवलेली ती एका निनावी पत्राची नक्कल होती. टाइप केलेल्या तीनच ओळी. 'आठ महिने दारूला हात लावला नाही असं जिच्याबद्दल तुम्हाला कळवलंय, ती आई नुकतीच पुन्हा प्यायली. ती पीत होती तेव्हा मुलगी शेजारच्या खोलीत चित्र काढत बसली होती. ताबा देण्याआधी केंद्राला विचारा.'

केंद्रात रुग्णांची नावं मोठ्याने घ्यायची नाहीत असा नियम होता, म्हणून प्रत्येकाला काही ना काही टोपणनाव चिकटलेलं असे. केकवाली एका बेकरीत केक सजवायची. तिला नऊ वर्षांची मुलगी होती. नवरा वेगळा झाला होता आणि लांबच्या शहरात राहायला गेला होता. येत्या गुरुवारी न्यायाधीश ठरवणार होते की मुलगी आईकडे राहणार की कायमची बापाकडे जाणार. आईची बाजू एकाच गोष्टीवर उभी होती, ती म्हणजे आठ महिन्यांचं कोरडेपण.

"बुधवारपर्यंत आपलं उत्तर हवंय त्यांना," डॉक्टर म्हणाले. "आतली गोष्ट आतल्याच माणसाने बाहेर नेली. फाइलीच्या कपाटाच्या चाव्या दोनच. एक माझ्याकडे, एक ताईकडे. मी तर नाही."

ताई म्हणजे केकवालीची समुपदेशिका. सव्वीस वर्षांची, हुशार, आणि बाईंच्याच हाताखाली शिकलेली.

"पान होतं कधीपर्यंत?"

"शुक्रवारपर्यंत. दर शुक्रवारी संध्याकाळी मी सगळ्या फाइलींची पानं मोजून सही करतो."

"वाचता का?"

डॉक्टरांना राग आला. "मोजतो. नोंद ताईची आणि तिच्या रुग्णाची. मी कशाला वाचू?"

बाईंनी पत्राची नक्कल खिडकीकडे धरली. वरच्या कोपऱ्यात न्यायालयाचा शिक्का होता, गेल्या बुधवारचा. म्हणजे पत्र बुधवारी पोचलं होतं आणि पान शुक्रवारी अजून जागेवर होतं. चोराने आधी गुपित फोडलं आणि मग चोरी केली? असला उलट्या खोपडीचा चोर बाईंनी पाहिला नव्हता. इथे एक नाही, दोन हात होते.

पण त्यांना बोचत होतं ते वेगळंच. त्यांनी पत्र पुन्हा वाचलं. शेजारची खोली, चित्र काढणारं मूल. ही ओळ त्यांनी आधी कुठेतरी ऐकली होती.

२

दाराशी दादा बसायचे. चौदा वर्षांपूर्वी याच दारातून त्यांना उचलून आत आणलं होतं, आणि तेव्हापासून त्यांनी दारूही सोडली आणि हे दारही सोडलं नाही. चहा तेच करत, आल्यागेल्यांची वही तेच सांभाळत.

"दादा, केकवालीच्या नवऱ्याशी तुमची ओळख आहे म्हणे."

"म्हणे कशाला? आहेच." दादांनी चहा गाळता गाळता मान वर केली. "एके काळी आम्ही एकाच गुत्त्यात पडलेले असायचो. तो उठून घरी जायचा, मी तिथेच राहायचो, एवढाच फरक. दोन महिन्यांपूर्वी आला होता इथे. बायको कशी आहे, घसरली का, पुन्हा सुरू केलं का, गोड बोलून विचारत होता."

"मग?"

"मग काय, चहा पाजला. क्रिकेटवर बोललो. दुसऱ्या कपालाही क्रिकेटच. वैतागून गेला."

बाईंनी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. ताकास तूर लागू न देणारा माणूस होता हा. असा माणूस जपतो तरी छान आणि लपवतो तरी छान, आणि बाईंना दोन्हींचा अनुभव होता.

"ती घसरलीय, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

दादांनी चहा ओतला. मग दोन्ही कप नीट बशीत ठेवून म्हणाले, "ठाऊक असणं वेगळं, कळणं वेगळं. गेल्या महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी ती सकाळी आठलाच आली. तिचा वार शनिवार. एप्रन अंगावर तसाच, बाहीला मैदा, डोळे सुजलेले. तुम्हीच सांगा, माझ्यासारख्याला आणखी काय सांगायला लागतं?"

"आणखी कुणी पाहिलं?"

"भाऊंनी. ते लवकर येतात. त्यांनीच ताईंना फोन करून बोलावून घेतलं आणि भेटीच्या वहीत तिची वेळ टाकली. डॉक्टर तेव्हा परगावी होते, परिषदेला. आले ते गुरुवारी, तुमच्या केसचर्चेलाच."

"तुम्ही कधी केसचर्चेत बसता का?"

"मी?" दादा हसले. "चहा ठेवतो आणि दार ओढून घेतो. बरे झालेले असलो तरी आम्ही रुग्णच. दुसऱ्याची गोष्ट ऐकायचा आम्हाला हक्क नाही, तुम्हीच नियम केलाय."

नियम खरा होता. बाई कप ठेवून उठल्या, तर दादांनी आवाज खाली आणला.

"बाई, चहाडी नाही करत. पण तुम्ही ते पान शोधताय ना? शनिवारी दुपारी सगळे जेवायला गेले होते, तेव्हा ताई फाइलीच्या खोलीत होत्या. आतून कडी लावून."

३

ताईकडे जाण्याआधी बाई मुद्दाम भाऊंकडे गेल्या. ज्याच्यावर सगळ्यांचं बोट, त्याला शेवटी भेटायचं ही त्यांची जुनी खोड होती. तोवर बोटं दाखवणाऱ्यांचे हात बघून होतात.

भाऊ केंद्राचे केस मॅनेजर. रुग्णाच्या मनातलं ताईने बघायचं आणि मनाबाहेरचं सगळं भाऊंनी: नोकरी, घर, शाळा, वकील, न्यायालय. केकवालीला बेकरीतली नोकरी परत मिळवून दिली ती भाऊंनीच, मालकाच्या दारात चार खेपा घालून. त्यांच्या खोलीत मोठ्यांच्या खुर्च्या दोन आणि लहान मुलांच्या तीन होत्या.

"त्या पोरीचं आता कसं होणार, या विचाराने दोन दिवस जेवण गेलं नाही मला," भाऊ म्हणाले. खरंच त्यांचा चेहरा उतरला होता. "सव्वा महिन्यापूर्वी मीच अहवाल पाठवला न्यायालयाला. आठ महिने एक थेंबही नाही, असं लिहून खाली सही केली माझी."

"तेव्हा ते खरं होतं."

"तेव्हा होतं." भाऊंनी पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. "कागदावर सही कायम राहते हो, बाई. माणूस राहत नाही."

"त्या मंगळवारी ती आली, ते तुम्ही पाहिलंत."

"पाहिलं. ताईंना विचारलंही, काही झालंय का? त्या म्हणाल्या, मी सांगू शकत नाही. बरोबरच आहे, त्यांचा धर्मच तो. मी परत विचारलं नाही." ते पुढे झुकले. "बाई, ताई चांगल्या आहेत. पण नव्या आहेत. नव्या माणसाच्या पोटात ओझं मावत नाही. मैत्रिणीला बोलतात, घरी बोलतात. मुद्दाम कुणी करत नाही."

किती समजूतदारपणे सांगत होता हा माणूस! बाईंना ते समजूतदारपण चपलेतल्या खड्यासारखं टोचलं. तरी त्यांच्याकडे भाऊंविरुद्ध काही नव्हतं. ज्याने त्या बाईसाठी उन्हातान्हात खेपा घातल्या, तो तिच्याच पायावर धोंडा का पाडेल? डॉक्टर एकदा बोलता बोलता म्हणाले होते की आधीच्या नोकरीत भाऊ एका प्रकरणात पोळलेत. कशात, ते बाईंनी विचारलं नव्हतं.

"एक विचारू?" उठता उठता बाई म्हणाल्या. "ती पुन्हा प्यायली हे खरं असेल, तर मुलगी कुठे असावी असं तुम्हाला वाटतं?"

भाऊंनी लहान मुलांची एक खुर्ची भिंतीशी सरळ लावली.

"सुरक्षित असेल तिथे," ते म्हणाले. "मला तेवढंच कळतं."

४

ताईने दार उघडलं आणि ती समोर येऊन बसली, तेव्हाच बाईंना कळलं. चोरी न केलेल्या माणसाला इतकं सरळ बसता येत नाही.

"पोरी, पान काढ."

ताई रडली नाही की भांडली नाही. तिने पर्स उघडली, आतल्या कप्प्यातून चार घड्या घातलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला.

"फाडून टाकणार होते," ती म्हणाली. "दोनदा हातात घेतलं. नाही झालं."

"शनिवारी काढलंस. पत्र आल्याचं डॉक्टरांनी सांगितल्यावर."

"न्यायालय आता फाइल मागणार, म्हटलं. हे पान त्यांच्या हाती गेलं तर संपलंच. ती माझ्याकडे आपणहून आली होती, बाई! दुसऱ्या दिवशी सकाळीच. कुणी पकडलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. खरं बोलल्याची शिक्षा म्हणून तिची मुलगी जाणार असेल, तर मी कुठल्या तोंडाने तिला सांगू की इथे खरं बोल?"

ताईची नोकरीच काय, काम करण्याचा परवानाही त्या चार घड्यांत गुंडाळलेला होता. नोंदीला हात लावला की समुपदेशकाचं संपलं, हे बाईंनीच तिला वर्गात फळ्यावर लिहून शिकवलं होतं. त्यांना तिचा संताप आला आणि त्याच वेळी तिला जवळ घ्यावंसं वाटलं. दोन्ही न करता त्यांनी चष्मा लावला आणि घड्या उलगडल्या.

नोंद सहा ओळींची होती. सोमवारी दुपारी, बेकरीतल्या सामानाच्या खोलीत, केकमध्ये घालायची रम, अर्धा कप. त्यानंतर उरलेली बाटली मोरीत ओतली. मुलगी त्या आठवड्यात आजीकडे, तीन तासांच्या अंतरावर. रुग्ण आपणहून आली.

बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि नोंद पुन्हा वाचली.

"मुलगी आजीकडे होती?"

"आठवडाभर. शाळेला सुटी होती."

"मग शेजारच्या खोलीत चित्र काढत कोण बसलं होतं?"

"कुठे?" ताईला कळेना. पत्रात नेमकं काय आहे ते डॉक्टरांनी कुणालाच दाखवलं नव्हतं, फक्त 'ती प्यायल्याचं पत्र आलंय' एवढंच सांगितलं होतं. बाईंनी नक्कल तिच्यापुढे धरली. ताईने वाचलं आणि तिचा हात तोंडावर गेला.

"बाई," ती म्हणाली, "हे मूल माझं आहे. मी बनवलेलं."

५

अर्ध्या तासाने चौघं केसचर्चेच्या टेबलाशी बसली. डॉक्टर, ताई, भाऊ, आणि बाई स्वतः. दादांनी चहा ठेवला आणि ते निघाले, तेव्हा बाईंनी त्यांना थांबवलं.

"आज बसा. आज रुग्णाची गोष्ट नाही. आपली आहे."

दादा खुर्चीच्या कडेवर टेकले.

"केसचर्चेची आपली पद्धत तुम्हाला ठाऊक आहे," बाईंनी सुरुवात केली. "समुपदेशकाला एखादी केस पेलत नसली की तो ती इथे मांडतो. पण रुग्ण ओळखू येता कामा नये, म्हणून सगळे तपशील बदलून. वय, काम, गाव, सगळं. गाभा खरा, कपडे उसने. या महिन्यात ताईने एक केस मांडली. बँकेत काम करणारी बाई, मुलगा सहा वर्षांचा, ऑफिसातल्या निरोप समारंभात वाइन प्यायली. ताईला विचारायचं होतं, ही घसरण गुप्त ठेवायची की नाही. आठवतं?"

डॉक्टरांनी मान डोलावली. भाऊंनी कप उचलला होता, तो तसाच हातात राहिला.

"ती बँकेतली बाई म्हणजे केकवाली. ताईने सगळं बदललं होतं, एक सोडून. बाई दुसऱ्या दिवशी सकाळी वेळ न ठरवता आपणहून आली, असं ती म्हणाली. तेवढं बदलायचं राहून गेलं. आणि मग मांडणी मध्येच तोडून एका शहाण्या माणसाने विचारलं, मूल कुठे होतं? ताईकडे त्याचं उत्तर तयार नव्हतं. खरं सांगावं तर ओळख पटणार. ती घाबरली आणि जे सुचलं ते बोलली. म्हणाली, शेजारच्या खोलीत, चित्र काढत."

"कुणी विचारलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी," बाई म्हणाल्या. "चर्चेला त्याची गरज नव्हती. बरं, शंका आली होती तर ताईला नंतर एकटीला विचारायचं. मी चारचौघांत विचारलं, कारण मला उत्सुकता होती. तीस वर्षं दुसऱ्यांना जे करू नका म्हणून सांगितलं, ते मी केलं. मला त्याची लाज वाटते."

बाईंनी पत्राची नक्कल टेबलाच्या मधोमध ठेवली.

"आता पत्राकडे या. चित्र काढणारं मूल कुठल्याही घरात नव्हतं. ते फक्त या टेबलावर जन्मलं, माझ्या प्रश्नाने आणि ताईच्या घाबरण्याने. म्हणजे पत्र लिहिणारा त्या गुरुवारी इथे होता. दादा नव्हते, ते सुटले. आणि ही केकवालीचीच गोष्ट आहे हे ओळखायला, ती मंगळवारी सकाळी अवेळी आली होती हे माहीत हवं. ते मला माहीत नव्हतं, नाहीतर मीही संशयात असते. ताईला सगळंच माहीत होतं, पण ताईने लिहिलं असतं तर रम लिहिली असती, आजी लिहिली असती. स्वतःच बनवलेलं मूल खरं म्हणून तिने का लिहावं? डॉक्टर, तुमच्याकडे कपाटाची चावी आहे. तुम्ही नोंद वाचली असती, तर तुम्हीही रमच लिहिली असती. वाचली नसती, तर ती बँकेतली बाई कोण हे तुम्हाला कळलंच नसतं. परगावी होतात तुम्ही."

डॉक्टरांनी रुमाल काढला आणि या वेळी सुटकेचा घाम पुसला.

"इथे बसलेला एकच माणूस राहतो," बाई म्हणाल्या. "ज्याने मंगळवारी तिला पाहिलं, गुरुवारी गोष्ट ऐकली, आणि ज्याच्याकडे चावी नव्हती."

भाऊंनी कप खाली ठेवला.

"मी मूर्ख नाही," ते म्हणाले. आवाज अगदी शांत होता. "तपशील बदललेले असतात हे मलाही कळतं. बँक खोटी, वाइन खोटी, मुलगा म्हणजे मुलगी. ते मी सगळं गाळलं. पण मुलाचं उत्तर तयारीतलं नव्हतं. तुम्ही अचानक विचारलंत आणि त्या बोलून गेल्या. मला वाटलं, तेवढं एकच खरं आहे."

"सुतावरून स्वर्ग गाठलात भाऊ!" ताई ओरडली. "एकदा येऊन विचारायचं होतं मला!"

"विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, सांगू शकत नाही." भाऊ तिच्याकडे न बघता बोलत होते. "आधीच्या नोकरीत एक बाप होता. वर्षभर कोरडा. मी सही केली, मुलगा त्याला मिळाला. तो घसरलाय हे त्याच्या समुपदेशकाला माहीत होतं. मी विचारलं, तर हेच उत्तर, सांगू शकत नाही. दोन आठवड्यांनी त्याने मुलाला मागच्या सीटवर बसवलं आणि गाडी पुलाच्या कठड्यावर घातली. बाप वाचला. चार वर्षांचं पोर होतं ते. अहवालावर सही माझी होती, दुसऱ्या कुणाची नाही."

दादांनी मान खाली घातली.

"भाऊ," बाई म्हणाल्या, "मूल धोक्यात आहे असं वाटलं तर गुपित मोडायला नीतीची आडकाठी नाही. उलट मोडलंच पाहिजे. पण आधी खात्री करायची, वरच्याला विचारायचं, त्या आईला तोंडावर सांगायचं आणि मग खाली स्वतःचं नाव लिहायचं. तुम्ही यातलं काय केलंत?"

"काही नाही."

"मला फोन का नाही केला?"

"तुम्ही म्हणाला असतात, विश्वास जपा."

"कदाचित म्हणाले असते," बाईंनी कबूल केलं. "पण मग माझी चूक माझ्या नावावर पडली असती. आता एका बाईच्या नावावर पडलीय."

६

उलगडा झाला, तरी गुरुवार काही पुढे सरकला नव्हता. डॉक्टरांचं म्हणणं, पान लगेच न्यायालयात पाठवा, मुलगी आजीकडे होती हे त्यातच लिहिलंय. ताईचं म्हणणं, त्यातच रमही लिहिलीय, पाठवलं तर आपल्याच हाताने तिला बुडवू. भाऊ म्हणाले, मी पत्र मागे घेतो, चुकून लिहिलं म्हणतो. तिघंही तावातावाने बोलत होते आणि तिघंही केकवालीचं भलंच बघत होते. दादा रिकामे कप गोळा करत होते. ते म्हणाले, "पान कुणाचं आहे?"

इतक्या दिवसांत तिच्या गोष्टीचं काय करायचं हे प्रत्येकाने परस्पर ठरवलं होतं. ताईने लपवायचं ठरवलं, भाऊंनी फोडायचं ठरवलं, बाईंनी तिच्यावर चर्चा केली. तिला मात्र कुणी विचारलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी ताई आणि बाई बेकरीच्या मागच्या दाराने आत गेल्या. केकवाली एका तीन मजली केकवर गुलाब काढत होती. ताईने सगळं सांगितलं. चर्चा, मूल, पत्र, फाडलेलं पान. एकही शब्द गाळला नाही, बाईंनी तिला मध्ये सांभाळून घेतलं नाही.

"माझी मुलगी शेजारच्या खोलीत होती असं तुम्ही म्हणालात?" केकवालीने विचारलं.

"हो. खोटं होतं ते."

"तुम्हाला मी जे सांगितलं, ते माझ्या सख्ख्या बहिणीला सांगितलेलं नाही." तिने हातातली क्रीमची पिशवी खाली आपटली. "आणि तुम्ही चौघं चहा पीत पीत माझं मूल कुठे बसवायचं ते ठरवता!"

ताई रडायला लागली. केकवालीने तिला रडू दिलं. मग बाईंकडे वळली.

"ते पान दिलं तर मुलगी माझ्याकडे राहील?"

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. "पान दिलं नाही तर पत्र खोटं ठरवणं कठीण आहे. दिलं तर तुम्ही प्यायलात हे सिद्ध होईल. ते वाचून न्यायाधीशांनी मुलगी नेली, तर ते आमच्या कागदामुळे होईल. खोटा दिलासा देऊन तुमची सही घेणार नाही मी. नाही म्हणालात, तर पान आमच्याकडून कुणाला जाणार नाही. न्यायालयाने हुकूम काढून मागितलं तर मात्र द्यावं लागेल."

केकवालीने पिशवी उचलली आणि उरलेले गुलाब पुरे केले. सात होते. बाई आणि ताई उभ्याच राहिल्या. शेवटचा झाल्यावर तिने हात धुतले, पुसले आणि संमतीचा कागद मागितला.

"द्या पान," ती म्हणाली. "आणि रम झाकू नका. अर्धं खरं सांगून मी आठ वर्षं काढलीत. पुरे झालं."

बुधवारी तीन कागद न्यायालयात गेले. पहिला, एक्केचाळीस नंबरचं पान, ते कुणी काढलं आणि का, या ताईच्या लेखी कबुलीसकट. दुसरं भाऊंचं पत्र: ते निनावी पत्र माझं, मुलीबद्दलची ओळ मी खात्री न करता लिहिली. तिसरा कागद बाईंचा होता. समुपदेशकांना परवाने देणाऱ्या परिषदेला त्यांनी तिघांविरुद्ध तक्रार पाठवली होती, तिची ती प्रत. त्यात पहिलं नाव त्यांचं स्वतःचं होतं. डॉक्टर म्हणाले, याची काय गरज? बाई म्हणाल्या, "दोघांना परिषदेपुढे उभं करून मी केसचर्चेला चहा प्यायला येऊ होय?"

गुरुवारी न्यायाधीशांनी पान दोनदा वाचलं. केकवालीला उभं करून विचारलं, आणि तिने रमपासून मोरीपर्यंत सगळं सांगितलं. निकाल दुपारी आला. मुलगी आईकडे राहील. सहा महिने दर आठवड्याला तपासणी होईल, आणि देखरेखीला केस मॅनेजर नवा असेल. एकदा जरी तपासणी चुकली, तर प्रकरण पुन्हा उघडेल.

बाहेरच्या लांब ओसरीत बाकं होती. ताई एका टोकाला बसली होती, तिला अजून आपलं काय होणार ते ठाऊक नव्हतं. भाऊ भिंतीला टेकून उभे होते. केकवाली मुलीचा हात धरून बाहेर आली. भाऊ बाजूला झाले, तिला वाट दिली. ती पुढे गेली, मग थांबली. मुलीला बाईंजवळ उभं करून ती एकटी परत आली.

"पुलावरच्या त्या मुलाचं ताईंनी मला सांगितलं," ती म्हणाली. "वाईट वाटलं."

भाऊंनी हात जोडले.

"तुम्हाला माझ्या पोरीची भीती वाटली, त्याचा मला राग नाही. रोज सकाळी उठल्यावर मलाही वाटते. पण माझ्या घरी येऊन दार वाजवायचं होतं, भाऊ. मी उघडलं असतं. आणि खरं तेच सांगितलं असतं."

ती गेली. मुलीने बाईंचा हात सोडला आणि आईच्या मागे धावत जिना उतरली. भाऊ तिथेच उभे राहिले, आणि बाई त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.